राखणीचा कुत्रा आणि गुळवेलीचा काढा

“झाडपाल्याचंच तर आहे. गुण नाही आला तरी अपाय काय होणार?”

दवाखान्यात औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर पुष्कळजण हा प्रश्न विचारतात. जे विचारत नाहीत ते मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे होतात. प्रवरेकाठच्या बेलापुरात (नवी मुंबईतलं नव्हे, श्रीरामपूर तालुक्यातलं) तर हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. बांधावरच्या लिंबावर गुळवेल आपसूक चढलेली असते. परसात तुळस-अडुळसा असतो, किराणा दुकानात ज्येष्ठमध नि अश्वगंधा मिळतात, आणि मेडिकलच्या काउंटरवर ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या असतात. त्यात २०२० सालानं घरोघरी काढ्याची सवय लावून ठेवली.

आता समजा, एखाद्या बाईची बोटं सकाळी उठल्यावर तासभर आखडलेली राहतात, मनगटं सुजतात. रक्त तपासलं तर आमवात निघतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. गोळ्यांसोबतचा कागद वाचून ती घाबरते. मग घरातलंच कोणी वडीलधारं म्हणतं, “कशाला त्या गरम गोळ्या खातेस? रोज सकाळी गुळवेल घे. प्रतिकारशक्ती वाढली की सगळं जातं.”

सल्ला मायेचा आहे यात शंका नाही. पण नेमक्या याच आजारांत तो उलटा पडू शकतो.

१. राखण उलटते तेव्हा

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं मुख्य काम म्हणजे आपलं कोण नि परकं कोण हे ओळखणं. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात, किंवा त्याच्यावर प्रतिपिंडं सोडतात. प्रतिपिंडं म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं. ही ओळख कधीकधी चुकते आणि शरीर स्वतःच्याच अवयवावर हल्ला करू लागतं. अशा आजारांना स्वयंप्रतिकार विकार, म्हणजे ऑटोइम्यून आजार म्हणतात.

हल्ला सांध्यांच्या आतल्या अस्तरावर झाला तर आमवात होतो, थायरॉइड ग्रंथीवर झाला तर हाशिमोटो किंवा ग्रेव्हज. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारल्या गेल्या तर कोड उठतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्या तर टाइप-१ मधुमेह होतो. सोरायसिस, यकृताचा ऑटोइम्यून हेपटायटिस ही याच कुळातली मंडळी. ल्युपस हा यातला सर्वांत बेभरवशाचा आजार. तो त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त अशा कशालाही धरतो, आणि त्याच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. वयानुसार गुडघ्याची झीज होते ती मात्र यात मोडत नाही. लोक दोन्हींना ‘संधिवात’च म्हणतात, म्हणून आपला कोणता ते डॉक्टरांकडून एकदा स्पष्ट विचारून घ्यावं.

वस्तीवर राखणीला कुत्रा ठेवलेला आहे असं समजा. तो चोरावर भुंकायचं सोडून घरच्याच पोरांना चावायला लागला, तर त्याला आणखी खुराक देऊन तगडा करण्यात काय अर्थ? त्याला आधी आवरावं लागतं. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन ही औषधं आवरण्याचंच काम करतात. एका हातानं आवरायचं आणि दुसऱ्या हातानं ‘इम्युनिटी बूस्टर’ पाजायचा, म्हणजे औषधाचे पैसे पाण्यात.

झाडपाल्याचा उपद्रव तीन वाटांनी होतो. काही वनस्पती प्रतिकारयंत्रणेला चेतवतात. काही थेट यकृताला किंवा मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि या रुग्णांच्या यकृतावर औषधांचा भार आधीच असतो. काही वनस्पती चालू औषधाचा परिणाम कमीजास्त करतात. गुळवेलीवर आरोप आहे तो पहिल्या दोन्ही वाटांचा, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

२. गुळवेल: गुण आहे, म्हणूनच जपायचं

गुळवेलीत काही दम नाही असं म्हणणाऱ्यांनी केईएमचं काम पाहावं. मुंबईच्या त्या रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक कसोट्यांवर तपासल्या. पोटात जंतुसंसर्ग घडवलेल्या उंदरांपैकी ज्यांना आधी गुळवेल दिली होती, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी जास्त तडफेनं काम करताना दिसल्या. पुढे केईएममध्येच पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुळवेल घेतलेल्या गटात जंतुदोष कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं.

हे काम करणारी माणसं आयुर्वेदाची टिंगल करणारी नव्हती, उलट त्याचे गुण पुराव्यानं मांडू पाहणारी होती. त्यांनी जे दाखवलं त्याचा दुसरा अर्थ आपण लक्षात घेत नाही. गुळवेल भक्षकपेशींना खरोखर चेतवते. मग ज्याच्या पेशी आधीच भडकलेल्या आहेत त्यानं ती रोज पेलाभर पिऊन कसं चालेल?

२०२० मध्ये तेच घडलं. करोनाची धास्ती होती, लस आलेली नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानं जी उपचारपद्धती जाहीर केली तीत अश्वगंधा आणि च्यवनप्राश यांच्या जोडीला गुडूची घनवटीही होती. गुडूची म्हणजे आपली गुळवेलच. लोकांनी काय केलं ते आपण पाहिलंच आहे. कांड्या ठेचून, उकळून, दालचिनी-लवंग घालून घरोघर काढे सुरू झाले, तेही महिनोन्‌महिने.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जणांच्या बोलण्यात गुळवेल होती. यकृताचा तुकडा काढून तपासला तेव्हा औषधानं होणाऱ्या इजेसोबत ऑटोइम्यून हेपटायटिससारखी चिन्हं दिसली. २०२१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झालं आणि वाद पेटला. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानं पत्रक काढून हा अभ्यास दिशाभूल करणारा असल्याचं म्हटलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलं नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असा त्यांचा आक्षेप होता.

आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. गुळवेलीची एक बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, यकृताला बाधते, आणि मंत्रालयानं २०२२ मध्ये तिच्याबद्दल वेगळा इशाराही दिला. खऱ्या गुळवेलीचं खोड वरून खरबरीत असलं तरी तिची साल पातळ कागदासारखी सुटते आणि आतून हिरवं दिसतं. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. फांद्यांवरून दोऱ्यांसारखी मुळं खाली लोंबतात. कांडं आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे ठळक फोड असतात.

पण प्रश्न ओळखीच्या घोटाळ्यावर संपला नाही. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून आपापल्या नोंदी एकत्र केल्या. गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले ४३ रुग्ण सापडले. त्यांतल्या २३ स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४६ दिवस गेले होते. पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे रिपोर्टवर ज्यांना ‘एएनए’ लिहितात ती, यांच्यात वारंवार आढळली. लेखकांचा निष्कर्ष असा की गुळवेल एकतर ऑटोइम्यून हेपटायटिससारखा आजार उत्पन्न करते, किंवा आधीपासून दबा धरून बसलेला आजार उघडा पाडते.

आता या आकड्याचं वजन नीट जोखू. कोट्यवधी लोकांनी काढा प्यायला, त्यांतले ४३ या अभ्यासात आले. सरसकट भिण्यासारखं हे प्रमाण नाही. धडधाकट माणसानं आठ दिवस काढा घेतला म्हणून त्याचं यकृत जात नाही. पण ज्याला ऑटोइम्यून आजार आहे, किंवा ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं आहे, तो या कोट्यवधींतला सर्वसाधारण माणूस नव्हे. ४६ दिवसांचा आकडाही बोलका आहे. दीड महिन्यानंतर डोळे पिवळे झाले तर कोणाला काढ्याची आठवण होते?

काही वैद्य आमवातात गुळवेल देतात, ग्रंथांतही तसा आधार आहे. नाडी पाहून, ठरावीक मुदतीपुरतं, यकृताच्या तपासण्या करत दिलेलं औषध वेगळं आणि व्हॉट्सॲपवर वाचून बांधावरून तोडून आणलेलं वेगळं. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर मात्र दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध ठाऊक असल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. गाईचा घास, माणसाची गोळी

श्रीरामपूर-राहुरीकडे नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघास. दुभत्या जनावराचा तो हक्काचा हिरवा चारा. पेरला की तीनेक वर्षं टिकतो, आणि महिन्याच्या अंतरानं कापत राहायचा. शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेला आरएल-८८ हा त्याचा वाण राज्यभर पेरला जातो.

हाच घास शहरातल्या दुकानात ‘अल्फाल्फा’ या नावानं माणसांसाठी येतो. कधी गोळ्या, कधी पावडर, कधी मोड आलेलं बी. भूक लागावी, अंगी लागावं म्हणून घरोघरी दिलं जाणारं अल्फाल्फा टॉनिकही त्याचंच. बेलापूरच्या शेतकऱ्याला कोणी सांगितलं की तुझ्या गोठ्यातला घास डबीत भरून विकतात, तर तो आधी भाव विचारील.

ल्युपसच्या रुग्णानं मात्र या डबीपासून लांबच राहावं. या घासाच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनाव्हॅनिन नावाचं एक द्रव्य असतं. आपल्या प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाशी त्याचं इतकं साम्य आहे की शरीर फसतं आणि आर्जिनिनच्या जागी ते बसवून सदोष प्रथिनं बनवतं. पांढऱ्या पेशींच्या कामातही ते ढवळाढवळ करतं.

हे उघडकीला आलं ते कोलेस्टेरॉलच्या संशोधनातून. अल्फाल्फाच्या बियांनी कोलेस्टेरॉल उतरतं का हे अमेरिकेत तपासत असताना बी दळून खाणाऱ्या एका माणसाच्या रक्तातल्या पेशी घटल्या. १९८१ मध्ये ही नोंद छापून आली. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांच्या गटानं अल्फाल्फाचे मोड खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससारखा आजार उद्भवल्याचं दाखवलं. नुसतं कॅनाव्हॅनिन दिल्यावर तो पुन्हा उफाळला. १९८३ मध्ये आटोक्यात आलेला ल्युपस अल्फाल्फाच्या गोळ्यांनंतर पुन्हा वर आल्याची दोन रुग्णांची नोंद झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं ल्युपस केंद्र रुग्णांना जे टाळायला सांगतं त्या यादीत अल्फाल्फाचे मोड ठळकपणे आहेत.

मग गाई कशा ठणठणीत राहतात? त्या खातात तो पाला. कॅनाव्हॅनिनचा भर बियांत आणि कोवळ्या मोडांत असतो. आणि मोड म्हटल्यावर घाबरून मटकीची उसळ सोडायचं कारण नाही. मटकी-मुगाचा या भानगडीशी संबंध नाही.

४. अश्वगंधा आणि थायरॉइड

बायकांमध्ये थायरॉइडच्या गोळ्या आता मिठासारख्या घरोघरी झाल्या आहेत. त्यांतल्या कित्येकींचा आजार हाशिमोटो, म्हणजे ऑटोइम्यूनच असतो. थकवा, झोप न लागणं, अंगात त्राण नसणं या तक्रारींवर मैत्रीण अश्वगंधा सुचवते.

अश्वगंधा थायरॉइडवर काम करते, हे भारतातच झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. थायरॉइड किंचित मंदावलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला. त्यांचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) उतरला, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढला. ऐकायला छान वाटतं. पण जी बाई आधीच थायरॉक्सिनची मोजून ठरवलेली गोळी घेते आहे तिचं गणित याच गुणानं बिघडतं. छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं सुरू होतं आणि डॉक्टरांना कळत नाही की डोस तोच असताना रिपोर्ट का हलला. ग्रेव्हजमध्ये थायरॉइड आधीच उधळलेला असतो, तिथे तर अश्वगंधेचं नावही नको. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलंड, अमेरिका आणि भारतातूनही आल्या आहेत. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला ती बंदी टोकाची वाटते, पण ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांनी परस्पर अश्वगंधा घेऊ नये हे मात्र खरं.

केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांची गंमत वेगळी आहे. त्यांनी थायरॉइडला काही होत नाही, तपासणी फसते. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्यावं.

स्पिरुलिना आणि एकिनेशिया ही परदेशी वाटणारी नावंही आता आपल्या ‘बूस्टर’च्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत असतात. ती घेतल्यावर त्वचेचे ऑटोइम्यून आजार भडकल्याचे तीन रुग्ण अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये नोंदवले. बाटली उलटी करून मागचं वाचायची सवय लावून घ्या, एवढंच इथे पुरे.

५. हळद चालते, कॅप्सूल नाही

“मग हळदही बंद का?” नाही. हिशेब करून पाहू.

हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के असतं. भाजी-आमटीतून दिवसभरात पोटात जाणारी हळद चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम धरली तरी कुरकुमिन भरतं सुमारे ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बहुतेक रक्तात न शिरता बाहेर पडतं. बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं, आणि वर ते शोषलं जावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. पायपरिनमुळे कुरकुमिनचं शोषण २० पटींपर्यंत वाढल्याचं मोजलं गेलं आहे. स्वयंपाकातली हळद आणि ही कॅप्सूल यांचं फक्त नाव सारखं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदवले गेले, आणि त्यांच्यातही काहींची तऱ्हा ऑटोइम्यून हेपटायटिससारखीच होती.

ज्येष्ठमध खोकल्यापुरतं चघळायला हरकत नाही. महिनोन्‌महिने घेतलं तर ते रक्तदाब चढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरवतं. प्रेडनिसोलोनही हेच दोन्ही करतं, त्यामुळे जोडीनं त्रास दुणावतो.

आणि अरिष्टं-आसवं. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट वगैरे आंबवून बनतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, आणि तो लेबलवर छापलेलाही असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला डॉक्टर दारू वर्ज्य सांगतात. “मी तर थेंबालाही शिवत नाही,” असं शपथेवर सांगणाऱ्या आजी दोन वेळा चार-चार चमचे अरिष्ट घेत असतात, आणि त्यांना कोणी ते विचारलेलं नसतं.

६. कोडावरची बावची

बावचीचं बी कोडावर पूर्वापार लावतात आणि पोटातही देतात. तिच्यात सोरालेन असतं. त्वचेवर ऊन पडलं की ते काम करतं आणि रंग भरायला मदत होते. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन आणि अतिनील किरण यांचा मोजूनमापून उपयोग करतात. अडचण मोजमापाची आहे. घरी बी वाटून लावलं आणि नगरच्या एप्रिलच्या उन्हात शेतात गेलं, तर डाग जाण्याऐवजी फोड येतात. पोटात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ल्युपसमध्ये तर ऊन हाच वैरी असतो.

७. तीन दिवसांत गुण देणारी पुडी

खरा धोका मला वनस्पतींपेक्षा या पुडीत जास्त वाटतो. आठवडे बाजारात, जत्रेत, कुठल्याशा गावच्या ‘प्रसिद्ध’ माणसाकडे संधिवातावर करड्या रंगाची पूड मिळते. नाव नाही, घटक नाहीत, कागदात बांधलेली. घेतल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस जिना चढतो आणि चार जणांना पत्ता सांगतो.

झाडपाला इतक्या झटपट सूज उतरवत नाही, स्टेरॉइड उतरवतं. देशी औषधांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफेनॅक मिसळलेलं आढळल्याचं भारतातल्या प्रयोगशाळांनी वारंवार दाखवलं आहे. महिन्या-दोन महिन्यांत भूक वाढते, चेहरा गोल होतो, जरा धक्का लागला की काळानिळा डाग पडतो, साखर आणि रक्तदाब चढतो. घरचे म्हणतात, अंगावर मांस चढलं!

पुढचा घोटाळा पुडी संपल्यावर. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. पुडी अचानक बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत पाळी येते. म्हणून अशी पुडी घेतलेल्यानं ती तडकाफडकी टाकूनही देऊ नये. उरलेली पूड कागदासकट घेऊन डॉक्टरांकडे जावं. ते मोजून डोस कमी करत नेतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइडलाही हाच नियम लागू आहे.

काही पुड्यांत आणि भस्मांत जड धातूही असतात. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. ल्युपसनं ज्याचं मूत्रपिंड आधीच धरलं आहे त्याला हा प्रयोग परवडणारा नाही.

८. मेडिकलमधून परस्पर आणलेली औषधं

दोष सगळा झाडपाल्यावर ढकलून चालणार नाही. इंग्रजी औषधांतही या रुग्णांना न चालणारी काही आहेत.

जुलाब किंवा लघवीच्या जळजळीवर को-ट्रायमॉक्साझोलची गोळी बरेचजण परस्पर आणतात. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम ही तिची प्रसिद्ध नावं. तिच्यातल्या सल्फामुळे ल्युपस उफाळू शकतो. मेथोट्रेक्सेटसोबत तर ती जिवावर बेतते. पेशी वाढायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, आणि ही दोन्ही औषधं फोलेटचीच वाट अडवतात. अस्थिमज्जेत रक्त तयार होणं मंदावतं. तोंडात फोड, ताप, हिरड्यांतून रक्त ही त्याची पहिली खूण.

मेथोट्रेक्सेटची दुसरी चूक त्याहून साधी आणि तितकीच घातक. आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. समजा डोस १५ मिलिग्रॅम आहे. ‘रोज एक’ असा समज झाला तर आठवड्यात १५ ऐवजी १०५ मिलिग्रॅम पोटात जातात. वार ठरवून घ्या, उदाहरणार्थ दर रविवारी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो गोल करून ठेवा. जोडीला दिलेलं फोलिक ॲसिड कोणत्या वारी घ्यायचं तेही शेजारीच लिहा.

दुखणं वाढलं की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेणं मूत्रपिंडाला जाचतं, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर जास्तच. क्षयावरचं आयसोनियाझिड, काही लोक मुरमांवर घेतात ते मिनोसायक्लिन, रक्तदाबावरचं हायड्रॅलाझिन यांनी क्वचित ल्युपससारखी लक्षणं उद्भवतात. पण म्हणून क्षयाचं औषध स्वतःहून सोडायचं नसतं. क्षय ल्युपसपेक्षा आधी मारतो.

९. “मी तर तीन वर्षं घेतेय, मला काही झालं नाही”

हे फार वेळा ऐकू येतं, आणि खोटंही नसतं. अशा बाईनं घाबरून जायचं कारण नाही. काढा थांबवावा, डॉक्टरांच्या गोळ्या थांबवू नयेत. यकृताची तपासणी करून घ्यावी. तीत एसजीपीटी आणि बिलिरुबिन हे दोन आकडे पाहायचे. मेथोट्रेक्सेटवाल्यांची ही तपासणी एरवीही ठरावीक काळानं व्हायचीच असते. थकवा, अन्नावरची वासना जाणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता श्रीरामपूर, लोणी, नगर, जिथे जवळ पडेल तिथे दाखवावं.

जाताना घरात असेल ते सगळं एका पिशवीत घालून न्यावं. गोळ्यांची पाकिटं, चूर्णाची डबी, अरिष्टाची बाटली, बिननावाची पुडी, सुनेनं ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल, आणि बांधावरची वेल असेल तर पानासकट तिचं एक कांडं. “दुसरं काही घेता का?” या प्रश्नाला आपल्याकडे “नाही” हेच उत्तर येतं, कारण काढ्याला कोणी औषध समजत नाही. पिशवी टेबलावर रिकामी केली की बोलायची गरज उरत नाही. डॉक्टर रागावतील ही भीती असते, आणि काही रागावतातही. रागावून घ्यावं, पण डबी लपवू नये.

औषधानं, मग ते कोणत्याही पॅथीचं असो, अपाय झाल्याची शंका असेल तर ती कळवण्यासाठी भारत सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्ण किंवा घरचे स्वतः फोन करू शकतात. औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, काय झालं आणि केव्हा झालं एवढं सांगावं लागतं. काढा असेल तर तो कशाचा, कुठून आणला आणि दिवसाला किती घेतला, हे आधीच कागदावर लिहून ठेवलं तर सांगायला सोपं जातं.